तलफ रक्तात असते का?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत तंबाखू किती रूपांनी भेटते, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. स्थानकाबाहेरच्या टपरीवर सिगारेट असते. खोपोलीच्या कारखान्यांत पाळी बदलताना तळहातावर चुना-तंबाखू मळली जाते. डोंगराच्या कुशीतल्या ठाकरवाड्या-कातकरवाड्यांत म्हातारी माणसे आपट्याच्या पानात तंबाखू गुंडाळून विडी वळतात. आणि घराघरांतल्या चुलीवर, तव्यात तंबाखू काळी होईपर्यंत भाजून तिची पूड केली जाते. ही मशेरी. सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने ती तोंडात जाते आणि मग दिवसभरात आणखी तीन-चार वेळा निमित्तावाचूनही जाते. रूपे निरनिराळी, पण माणसाला परत परत ओढून आणणारा पदार्थ सगळ्यांत एकच आहे : निकोटिन.

शिक्षकांच्या खोलीत या विषयावर बोलणे निघाले, की दोन प्रकारची वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले असे : “थोरल्याने दहा वर्षे ओढली आणि एक दिवस सोडली ती सोडलीच. धाकट्याने चार वेळा शपथ घेतली, चारही वेळा मोडली.” आणि दुसरे असे : “अहो, वाडीवरच्या पोरांना काय सांगायचे? ते त्यांच्या रक्तातच आहे.” दोन्ही वाक्ये वरवर आनुवंशिकतेबद्दलच बोलतात. नववी-दहावीला आपण जनुके शिकवतो, तेव्हा विद्यार्थीही नेमके हेच विचारतात. आमचे म्हणणे असे की, पहिल्या वाक्यामागे चांगल्यापैकी विज्ञान आहे आणि दुसऱ्यामागे नाही. आणि हा फरक ज्याला समजला, त्याला आनुवंशिकतेतली एक अवघड गोष्ट समजली.

(‘रक्तात’ हा शब्दप्रयोग तसा गमतीचा आहे. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत केंद्रकच नसते, त्यामुळे त्यांच्यात जनुकांचा संचही नसतो. पण बोलीभाषेवर एवढे रागवायचे कारण नाही.)

चारशे वर्षांची पाहुणी

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांनी ती आपल्याकडे आणली. १६०४ च्या सुमारास अकबराचा दरबारी असद बेग विजापूरला आला, तेव्हा त्याला तिथे तंबाखू दिसली आणि नवलाची वस्तू म्हणून तो ती बादशहासाठी घेऊन गेला. म्हणजे त्या वेळी दख्खनमध्ये ती येऊन पोहोचली होती. आजच्या रायगड जिल्ह्यातले चौल-रेवदंडा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होते आणि कोकणातून घाटावर जाणारी बोरघाटाची वाट खालापुरावरूनच चढते. ही पाहुणी आपल्या भागात अशाच एखाद्या वाटेने आली असावी, असा आमचा तर्क आहे.

चारशे वर्षे म्हणजे सुमारे सोळा पिढ्या. एवढ्या थोड्या काळात ‘तंबाखूचे जनुक’ म्हणून काही नवे तयार होऊन एखाद्या समाजात रुजावे, हे संभवत नाही. तंबाखूसाठी घडलेले एकही जनुक माणसात नाही. जी जनुके आज तंबाखूच्या संदर्भात नावाजली आहेत, ती कितीतरी जुनी आहेत आणि त्यांची मूळ कामे वेगळीच आहेत. काही जनुके वनस्पतींतून पोटात येणारी नाना रसायने निकामी करणारी विकरे बनवतात, काही चेतापेशींचे निरोप पोहोचवणारी प्रथिने बनवतात. तंबाखू आली आणि तिने या जुन्या यंत्रणेचा ताबा घेतला.

खुद्द झाडाकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. तंबाखूचे झाड निकोटिन मुळांत तयार करते आणि पानांकडे पाठवते. ते किड्यांसाठी विष असते. आपल्या मेंदूतली आणि किड्याच्या चेतासंस्थेतली काही कुलुपे इतकी सारखी आहेत, की किड्यासाठी केलेली किल्ली आपल्याकडेही चालते.

कुलूप, किल्ली आणि चुना

या कुलुपांना ग्राही म्हणतात. चेतापेशी एकमेकींना निरोप देताना अ‍ॅसेटिलकोलिन नावाचे रसायन वापरतात. ते ग्राहीवर बसले, की पेशीच्या आवरणातले एक सूक्ष्म दार उघडते. हे दार पाच प्रथिनांच्या तुकड्यांचे बनलेले असते. फुलाच्या पाच पाकळ्यांमध्ये एक भोक असावे, तसे. पाकळ्या अनेक जातींच्या असतात आणि कोणत्या पाच एकत्र आल्या, त्यावर दाराचा स्वभाव ठरतो. निकोटिन हे दार उघडू शकते. मेंदूच्या काही भागांत अशी दारे उघडली, की डोपामिन स्रवते आणि ‘हे बरे वाटले, पुन्हा कर’ असा धडा मेंदू शिकतो. वारंवार निकोटिन मिळत गेले, तर ही दारे काही काळ बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. मग रात्रभर निकोटिन मिळाले नाही, की सकाळी ही वाढलेली सारी दारे मोकळी होऊन वाट पाहत असतात. तलफ म्हणतात ती हीच.

निकोटिन मेंदूपर्यंत किती वेगाने पोहोचते, हेही महत्त्वाचे असते. झुरका घेतल्यावर ते फुप्फुसातून रक्तात आणि तिथून दहा-वीस सेकंदांत मेंदूत जाते. तोंडातली तंबाखू त्यामानाने सावकाश काम करते. चुन्याचे काम इथे सुरू होते. आम्लधर्मी द्रावणात निकोटिनचा रेणू विद्युतभार धारण करतो आणि भारित रेणूला पेशीचे आवरण ओलांडणे अवघड जाते. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याने तोंडातली लाळ अल्कधर्मी होते, निकोटिनचा भार जातो आणि ते गालाच्या आतल्या त्वचेतून सहज रक्तात उतरते. ज्याने पहिल्यांदा तळहातावर तंबाखूत चुना मळला, त्याला यातले काही ठाऊक नसणार. पण त्याचा अनुभव बरोबर होता. आम्ल-अल्क शिकवताना हे उदाहरण वापरायला हरकत नाही. हळदीच्या कागदावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकून अल्कधर्म दाखवता येतो. तंबाखू वर्गात आणण्याची मुळीच गरज नाही.

दोन डबे

आता त्या दोन भावांकडे येऊ. रक्तात आलेले निकोटिन तिथे कायम राहत नाही. यकृत ते मोडून टाकते. त्यातला सुमारे ७० ते ८० टक्के भाग कोटिनिन नावाच्या पदार्थात बदलतो आणि हे काम मुख्यत्वे एकच विकर करते. त्याचे नाव सीवायपी२ए६. या विकराची कृती सांगणारे जनुक आपल्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा त्याच्या दोन प्रती प्रत्येकाला मिळतात.

या जनुकात माणसामाणसांत पुष्कळ फरक आढळतात. काही प्रतींत एखादे अक्षर बदललेले असते आणि विकर मंद काम करते. काही प्रतींत तर जनुकच गळालेले असते. जपानमध्ये साधारण पाचातल्या एका गुणसूत्रावर हे जनुक गळालेले आढळते. (वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हार्डी-वाइनबर्गचे गणित घालायला हे उदाहरण चांगले : ०.२ × ०.२ = ०.०४. म्हणजे शंभरातल्या सुमारे चार जणांत दोन्ही प्रती नसणार.)

याचा परिणाम वर्गात दाखवण्यासाठी आम्ही एक साधा प्रयोग सुचवतो. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्यावेत. एकाच्या तळाशी बारीक खिळ्याने आणि दुसऱ्याच्या तळाशी जाड खिळ्याने भोक पाडावे. दोन्ही डब्यांत आतून दोन रेघा आखाव्यात, एक वर आणि एक खाली. वरच्या रेघेपर्यंत पाणी भरावे. पाणी खालच्या रेघेला टेकले, की पेल्याने पुन्हा वरच्या रेघेपर्यंत भरायचे. दहा मिनिटांत कोणत्या डब्याला किती पेले लागले, ते एका विद्यार्थ्याने मोजावे. खालची रेघ म्हणजे तलफ, पेला म्हणजे विडी किंवा मशेरीची चिमूट आणि भोक म्हणजे यकृतातले विकर. ज्याचे भोक मोठे, त्याला पेले जास्त लागतात.

हाच हिशेब आकड्यांतही मांडता येतो. रक्तातले निकोटिन निम्मे व्हायला सर्वसाधारणपणे दोन तास लागतात. एखाद्याचे विकर मंद असून त्याला चार तास लागतात, असे धरू. पातळी निम्म्यावर आली की तलफ येते, असे समजू. मग सोळा तासांच्या जाग्या दिवसात पहिल्याला आठदा आणि दुसऱ्याला चारदा भर घालावी लागेल. माणूस काही घड्याळाच्या काट्यावर ओढत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक इतका ठळक नसतो; पण त्याची दिशा हीच असते. ज्यांचे हे विकर मंद असते, ते सरासरीने कमी सिगारेटी ओढतात आणि सोडायचे ठरवले तर त्यांना ते तुलनेने कमी जड जाते. ज्यांचे वेगवान असते, त्यांची पातळी झपाट्याने उतरते आणि दोन तास उलटत नाहीत तोच हात खिशाकडे जातो. निकोटिन रक्तात कोणत्या वाटेने आले, याच्याशी यकृताला फारसे देणेघेणे नसते. विडी असो की चुना-तंबाखू, मोडण्याचे काम तेच विकर करते.

हे विकर सर्वस्वी जनुकांच्याच हाती नसते, हेही सांगायला हवे. स्त्रियांमध्ये ते सरासरीने पुरुषांपेक्षा वेगाने चालते आणि गरोदरपणात तर आणखी वेगाने. मशेरी सोडण्याची अत्यंत गरज असते त्याच नऊ महिन्यांत शरीर निकोटिन भराभर मोडू लागते. गरोदर बाईला मशेरी सुटत नाही म्हणून रागावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

‘पुरे’ म्हणणारा लगाम

दुसरे जनुक पंधराव्या गुणसूत्रावरचे आहे. त्याचे नाव सीएचआरएनए५. वर सांगितलेल्या पाच पाकळ्यांपैकी अल्फा-५ नावाची पाकळी ते बनवते. या पाकळीतले ३९८ व्या क्रमांकाचे अमिनो आम्ल बहुतेकांत अ‍ॅस्पार्टिक आम्ल असते; काहींत त्याच्या जागी अ‍ॅस्पॅरजिन असते. जनुकातल्या एका अक्षराचा हा बदल. तो युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण एक तृतीयांश गुणसूत्रांवर आढळतो, पूर्व आशियात फार क्वचित आणि दक्षिण आशियात या दोहोंच्या मधे.

पहिल्यांदाच तंबाखू खाणाऱ्याला गरगरते, मळमळते. आपल्याकडे याला ‘तंबाखू लागली’ असे म्हणतात. निकोटिन जास्त झाले की शरीर ‘पुरे’ म्हणते, त्याचाच हा एक भाग. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी अल्फा-५ पाकळी नसलेल्या उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. साधे उंदीर कळ दाबून थोडे निकोटिन घेत आणि मात्रा फार वाढवली की थांबत. अल्फा-५ नसलेले उंदीर थांबत नसत. ‘पुरे’ हा निरोप मेंदूतल्या हॅबेन्युला नावाच्या चिमुकल्या भागातून जातो आणि अल्फा-५ पाकळी नसेल तर तो क्षीण होतो, असे दिसून आले. माणसातल्या त्या एका अक्षराच्या बदलाने पाकळी नाहीशी होत नाही, पण तिचे काम मंदावते. म्हणजे ज्यांच्यात हा बदल असतो, त्यांना निकोटिनची गोडी जास्त असते असे नव्हे. त्यांचा लगाम सैल असतो.

परिणाम किती? बदललेल्या एका प्रतीमागे सरासरी दिवसाला सुमारे एक सिगारेट जास्त. धूम्रपानाशी जोडलेल्या एकेकट्या जनुकीय बदलांत हा सर्वांत ठळक बदलांपैकी आहे आणि तरीही माणसामाणसांतल्या सिगारेटींच्या संख्येतल्या फरकाचा जेमतेम एक टक्का त्याने समजतो. पुढे २०२२ साली चौतीस लाख लोकांची जनुके तपासणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू आणि दारू यांच्या सवयींशी संबंधित असे हजारो बदल आढळले, प्रत्येकाचा वाटा अगदी किरकोळ. त्या चौतीस लाखांतले सुमारे चार पंचमांश लोक युरोपीय वंशाचे होते. त्यामुळे तिथले आकडे उचलून आपल्याकडच्या वाडी-वस्तीला जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल.

जुळी भावंडे आणि भाताची खाचरे

जनुकांचा वाटा मोजण्याची जुनी रीत म्हणजे जुळ्यांची तुलना. एकाच फलित अंड्यापासून झालेल्या जुळ्यांची जनुके सारखी असतात. दोन अंड्यांपासून झालेल्या जुळ्यांत सख्ख्या भावंडांइतकेच साम्य असते. पहिल्या प्रकारच्या जोड्यांत सवय जुळण्याचे प्रमाण दुसऱ्या प्रकारापेक्षा जास्त आढळले, तर तो जास्तीचा भाग जनुकांकडे जातो. अशा अभ्यासांतून व्यसनाधीनतेतल्या फरकांपैकी साधारण निम्मा किंवा थोडा अधिक वाटा जनुकीय असल्याचे दिसते.

या रीतीचा एक गाजलेला गैरवापरही झाला आहे. रोनल्ड फिशर हे विसाव्या शतकातले फार मोठे संख्याशास्त्रज्ञ आणि आनुवंशिकीतज्ज्ञ. संख्याशास्त्रातल्या ‘एफ’ कसोटीतला एफ त्यांच्याच नावाचा. प्रशांतचंद्र महालनोबिसांचे ते स्नेही होते आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांचे येणे-जाणे होते. १९५० साली डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवल्यानंतर फिशर यांनी १९५७-५८ मध्ये उलट मांडणी केली. सारख्या जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी अधिक जुळतात. तेव्हा एखादे जनुकच माणसाला सिगारेटही ओढायला लावत असेल आणि कर्करोगही देत असेल, सिगारेट बिचारी निर्दोष असेल, असा त्यांचा रोख होता. फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते.

उत्तर जुळ्यांनीच दिले. फिनलंडमधील १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकजण ओढणारा आणि दुसरा न ओढणारा अशा जुळ्यांच्या जोड्या शोधल्या. जनुके सारखी असूनही ओढणाऱ्याचा मृत्यू आधी होण्याचे प्रमाण कितीतरी जास्त होते. गंमत अशी, की २००८ साली तो पंधराव्या गुणसूत्रावरचा भाग सापडला तेव्हा तो धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग या दोहोंशी जोडलेला आढळला. फिशरांना हवे होते तसेच जनुक! पण जे कधीच ओढत नाहीत, त्यांच्यात या बदलामुळे कर्करोगाचा धोका वाढलेला दिसत नाही. जनुकापासून कर्करोगाकडे जाणारी वाट मुख्यतः धुरातूनच जाते.

आता आमच्या मते सर्वांत बोलका अभ्यास. स्वीडनमधील जुळ्यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मसालांप्रमाणे गट पाडले होते. पुरुषांमध्ये तंबाखूच्या नियमित सवयीतला जनुकीय वाटा सर्वच गटांत ६१ टक्क्यांच्या आसपास होता. स्त्रियांमध्ये मात्र १९२५ पूर्वी जन्मलेल्यांत तो जवळजवळ शून्य होता आणि १९४० नंतर जन्मलेल्यांत ६३ टक्के. पंधरा-वीस वर्षांत स्वीडिश बायकांची जनुके बदलली काय? नाही. बदलली ती रीत. आधीच्या काळात बाईने ओढणे समाजाला चालत नव्हते, त्यामुळे कोणाचे विकर वेगवान आणि कोणाचा लगाम सैल, हे कळायला संधीच नव्हती. बंधन सुटले आणि झाकलेले फरक दिसू लागले.

कर्जतकरांना हे भाताच्या भाषेत पटकन समजेल. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेले ‘कर्जत-३’, ‘कर्जत-१८४’ यांसारखे वाण आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहेत. एक नवा वाण आणि एक जुना गावठी वाण शेजारशेजारच्या खाचरांत लावले. खत-पाणी दोन्हींना नीट दिले, तर उत्पन्नात फरक पडेल आणि तो वाणाचा, म्हणजे जनुकांचा, असे आपण म्हणू. पण पाऊसच पडला नाही, तर दोन्ही खाचरे सारखीच करपतील. वाणांत फरक आहेच, तो दिसणार मात्र नाही. ‘जनुकांचा वाटा साठ टक्के’ हे विधान असे नेहमी त्या-त्या खाचरापुरते, त्या-त्या पावसापुरते असते.

ही नजर घेऊन महाराष्ट्राकडे पाहावे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार आपल्या राज्यात ६ टक्के पुरुष आणि १.४ टक्के स्त्रिया विडी-सिगारेट ओढत होत्या. धूर न काढता तंबाखू घेणारे मात्र ३१.७ टक्के पुरुष आणि १६.६ टक्के स्त्रिया होत्या. महाराष्ट्रातल्या बाईने विडी ओढलेली समाजाला खपत नाही, पण मशेरीला दात घासण्याची प्रतिष्ठा आहे. बाईचे यकृत आणि मेंदू निकोटिनचे रूप ओळखत नाहीत. ते रूप समाज ठरवून देतो. सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली होती. त्या पाहणीचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्या काळीही कोणता आजार तोंडात कुठे होतो, याचा धागा तंबाखू कोणत्या रूपात आणि तोंडात कुठे ठेवली जाते, इथे जाऊन पोहोचत होता.

आता ते दुसरे वाक्य, ‘वाडीवरच्या पोरांच्या रक्तातच आहे’. माणसांतल्या जनुकीय फरकांचा मोठा भाग, सुमारे ८५ टक्के, कोणत्याही एकाच समाजाच्या आतच असतो, हे रिचर्ड ल्युऑन्टिन यांनी १९७२ साली दाखवले. एका कातकरवाडीतल्या दोन मुलांत वेगवान आणि मंद विकर असू शकते, तसेच ते कर्जतच्या बाजारपेठेतल्या दोन मुलांतही असू शकते. दोन वस्त्यांमध्ये तंबाखूच्या वापरात फरक दिसला, तर तो आधी खाचरात शोधावा. वीटभट्टीवर पहाटेपासून राबणाऱ्या, अर्धपोटी माणसाला तंबाखू भूक मारण्यासाठी लागते. निकोटिन खरोखरच भूक कमी करते. वर्षातले काही महिने आईबापांबरोबर भट्टीवर जाणारे मूल शाळेपेक्षा तंबाखूच्या जवळ असते. आणखी एक गोष्ट. कातकरी हे नाव खैराच्या लाकडापासून काथ काढण्याच्या धंद्यावरून पडले. तो काथ खाणारे शहरांत होते. पानाच्या तबकाला कोणी ‘शहरवाल्यांच्या रक्तातच आहे’ असे म्हटल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

याचा उपयोग काय?

जनुके तपासून कोणता विद्यार्थी व्यसनी होईल ते सांगता येईल का? नाही. हजारो किरकोळ बदलांची बेरीज करून शक्यता थोडी वर-खाली झालेली दाखवता येते, एकेका मुलाचे भविष्य नाही. मात्र सोडू पाहणाऱ्याला मदत करताना हे ज्ञान कामाला येऊ लागले आहे. लाळेतल्या किंवा रक्तातल्या कोटिनिनचे आणि ते पुढे मोडून होणाऱ्या पदार्थाचे प्रमाण काढले, की विकर वेगवान आहे की मंद ते समजते. अमेरिका आणि कॅनडातील १,२४६ धूम्रपान करणाऱ्यांवरचा असा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वेगवान विकराच्या लोकांना निकोटिनच्या पट्टीपेक्षा व्हॅरेनिक्लिन या औषधाचा जास्त उपयोग झाला. मंद विकराच्या लोकांना दोन्हींचा उपयोग सारखाच, पण औषधाचा त्रास मात्र जास्त. ही चाचणी तालुक्याच्या दवाखान्यात नसली, तरी ज्याला चार वेळा अपयश आले त्याला ‘तुझ्यात जिद्द नाही’ म्हणण्याआधी पट्टी, च्युइंगम, औषध यांची चौकशी डॉक्टरांकडे करायला सांगता येते. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक निःशुल्क आहे.

व्यसन किती पक्के आहे हे पाहण्यासाठी जगभर एक प्रश्न विचारतात : जाग आल्यावर किती वेळाने पहिली सिगारेट ओढता? मशेरीवाल्या बाईला हा प्रश्न लागू पडत नाही, कारण तिची पहिली चिमूट दात घासतानाच असते. तिला ‘दुपारी कामावर असताना डबी विसरली तर काय होते’ असे विचारणे जास्त उपयोगाचे, असे आम्हाला वाटते.

शाळेच्या दृष्टीने एक निष्कर्ष मात्र फार महत्त्वाचा आहे. पंधराव्या गुणसूत्रावरच्या त्या बदलाचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. ज्यांनी सोळाव्या वर्षापर्यंत नियमित धूम्रपान सुरू केले, त्यांच्यात तो ठळक असतो. ज्यांनी उशिरा सुरू केले, त्यांच्यात तोच बदल असूनही परिणाम कमी असतो, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात आढळले. वाढत्या वयातला मेंदू निकोटिनला अधिक हळवा असतो. म्हणजे सैल लगामाचे मूल सोळा वर्षांपर्यंत तंबाखूपासून लांब राहिले, तर त्या लगामाचा त्रास त्याला पुढे कमी होतो. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री बंद आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांना ती विकायलाही बंदी आहे. पण मशेरी विकत घ्यायला मुलीला शंभर यार्ड चालावे लागत नाही. ती चुलीशेजारच्या डबीत असते आणि कितीतरी घरांत मुलीच्या बोटावर ती पहिल्यांदा ठेवणारी तिची आजी असते, दाढ दुखते म्हणून.